गिरणीवाली उपाशी मेली

सोमवार, दुपार

वन्सं,

नमस्कार पोचला असं धरून चाला, त्यात कागद वाया घालवत नाही.

तुमचा पाव मिळाला. सकाळी पेटी उघडली तर आत बसलेला होता, कालच्यासारखा, परवाच्यासारखा. चव विचाराल तर चवच नाही. मीठ विसरलात. खऱ्या स्वयंपाकघरात तुम्हाला मिठाचा डबा कधी सापडला नाही, तिथे खेळात कुठून सापडणार म्हणा.

रागावलात ना? बरं झालं. हे म्हणायचेच, "ताईला औषध नको, एक भांडण द्या, खोकला आपोआप जातो."

हे पत्र तुमच्यापर्यंत कसं येतंय ते ऐका. आधी मी गिरणीत बसून कागदावर लिहिते. मग घरी जाऊन खेळातल्या कोऱ्या वहीत एका बोटाने उतरवते, आणि ती वही माझ्याकडून तुमच्याकडे जाणाऱ्या पट्ट्यावर ठेवते. डोंगराच्या पोटातून सरकत सरकत येईल. जन्मभर पोस्टात दुसऱ्यांची पत्रं खान्यांत टाकलीत, आता स्वतःचं एक फोडून बघा.

तुमच्या भाचीचं डोकं मात्र मानलं मी. आपल्या दोघींना एका खोलीत बसवलं तर कपबशा फुटतील, म्हणून तिने आपल्याला एका खेळात बसवलं. लाकूड तोडा, घर बांधा, भूक लागली की खा, नाही खाल्लं तर मरा. तुम्ही डोंगराच्या पलीकडे, मी अलीकडे. नावं पण तिनेच दिली. तुम्ही टपालबाई, मी गिरणीवाली. मला आधी काही जमेना. घर बांधायच्या नादात खायचंच राहून जायचं, आणि धाडकन मरायचे. मेलं की आपल्याच खाटेवर पुन्हा उठायचं, तेवढी सोय आहे. पण मेल्यावर सगळ्यांच्या पडद्यावर पाटी येते. "गिरणीवाली उपाशी मेली." पहिल्या आठवड्यातच तीनदा आली. तुमच्याही पडद्यावर आलीच असणार.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पण मी चौथ्यांदा मरायच्या आत डोंगर फोडून पट्टा आला, आणि पट्ट्यावरून पाव. तो आजपर्यंत थांबलेला नाही.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तुम्ही माझ्याशी बोलत नाही त्याला तीन वर्षांना आठवडा कमी. फोन केला तर उचलत नाही, आणि तिथे रोज जेवायला घालता. तुमच्या घरात सगळेच असे उलटे का हो?

भाची म्हणते, आत्याला जिना चढताना धाप लागते. मी म्हटलं, धाप लागली तरी बोलायचं थांबत नसेल. पण डॉक्टरला दाखवा. मी सांगितलं म्हणून नका दाखवू, माझं ऐकायची सवय नाही तुम्हाला. स्वतःच्या मनाने दाखवा.

तुमची,
वहिनी


गुरुवार, संध्याकाळ

वन्सं,

उत्तर नाही. पाव आहे.

पत्रासोबत दोन लाल फुलं आणि कोंबडीचं एक पीस पाठवलं होतं. पीस मुद्दाम. तुमच्या लग्नात बँडवाल्याच्या टोपीला जे पीस होतं, त्याची आठवण व्हावी म्हणून. हसलात का तेवढं कळवा, बाकी अबोला चालू ठेवा, माझी हरकत नाही.

आज तुमची भाची माझ्यावर डाफरली. "आत्या तीन दिवस मेसेज बघत नाहीये, फोन पण लागत नाही. मी उद्याच जाऊन येऊ का?" मी म्हटलं, कशाला दिवसभर बसमध्ये हाडं मोडून घेतेस? तुझी आत्या ठणठणीत आहे. आत्ताच तिचा पाव आला, ताजा.

"आई, पाव आला म्हणजे काय?"

"म्हणजे तिने पाठवला. उठली, आवरलं, शेतातला गहू काढला, पाव केला, पट्ट्यावर ठेवला. आजारी माणूस एवढं करतं का?"

मग ऑफिसचा फोन आला आणि ती उठून गेली. मी जिंकले असं समजून चहा टाकला.

तरी एक विचारते. खेळातला तुमचा माणूस दिसत नाही हल्ली. आधी कधी डोंगरावर चढून पाहिलं की लांबून तुमच्या खिडकीत दिवा दिसायचा, तुम्ही इकडून तिकडे करताना दिसायचात. आता दिवा आहे, तुम्ही नाही. मला बघून लपता का? या वयात?

लपत असाल तर लपा. पाव येतोय तोवर मला काळजी नाही.

वहिनी


शनिवार, दुपार

वन्सं,

आज चेष्टा सुचत नाही, तरी हात सवयीने तिकडे जाईल. सांभाळून घ्या.

सकाळी भाची आली ती चप्पल न काढताच कॉम्प्युटरपुढे बसली. म्हणाली, "आई, चल, आत्याकडे जाऊ." मला वाटलं बसने. ती म्हणाली, आधी इथून. मग आम्ही दोघी तिथल्या डोंगरावरून चालत तुमच्या घरी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा तुमच्या दारात आले, तेही असं.

दार उघडं होतं. खाट रिकामी. तुम्ही कुठेच नाही.

आणि मागे तुमचं यंत्र चालू होतं.

वन्सं, मला वाटायचं तुम्ही रोज उठून पाव करता. आणि तिथे बघते तर काय, पाणी आपोआप सुटतं, पिकलेला गहू वाहून खाली येतो, पट्ट्यावर चढतो, एका तोंडात पडतो. आपल्या गिरणीच्या डोक्यावर दळण ओतायचा पत्र्याचा डबा आहे ना, अगदी तसलं तोंड. आत गहू गेला की बाजूने पाव बाहेर. पाव पट्ट्यावर, पट्टा डोंगरात, डोंगरातून माझी पेटी. कुणी हात लावायला नको. कुणी तिथे असायलाही नको.

मी विचारलं, "आपण दोघी खेळत नसलो तरी चालतं?"

"कायम चालतं. आत्याने तसंच करून ठेवलंय, म्हणजे तू कधी उपाशी राहायला नकोस."

"मग ती शेवटची कधी आली होती इथे?"

भाचीने कुठेतरी बघितलं. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी, म्हणाली. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. मी मिठावरून चिडवत होते तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

मग मी माझी पत्रं शोधली. ती पण मिळाली, म्हणजे मिळाली नाहीत. माझ्याकडून येणारा पट्टा तुमच्या खान्यांपुढून जातो. पोस्टातल्यासारखीच मांडणी, मला बघताक्षणी कळलं कुणाची ती. लाकडाचा खाना, दगडाचा, कोळशाचा. प्रत्येकात एक एक नमुना ठेवलेला, तो बघून यंत्र ओळखतं आणि ती वस्तू त्या खान्यात टाकतं. आणि ज्याचा नमुना कुठेच नाही ते सगळं शेवटी खाली आगीत. फुलं, पीस, दोन्ही पत्रं. पत्राचा खाना तुम्ही केलाच नाहीत. माझं पत्र येईल असं तुम्हाला कधी वाटलंच नसेल. कागद माझ्याकडे आहेत म्हणा, जळून काही गेलं नाही. तरी आगीत काही उरलंय का ते वाकून बघितलं.

फोन बंद आहे तुमचा. पोस्टातल्या तुमच्या मैत्रिणीला भाचीने शोधून काढलं, तिच्याही कानावर काही नाही. नव्या घराच्या शेजाऱ्यांचा नंबर कुणाकडेच नाही. भाची आत्ताच बसने निघाली. कालच जाणार होती ती, आणि मी तिला पाव दाखवून थांबवलं.

मी इथेच आहे. ती म्हणाली, आई, तू घरी थांब, आत्या आली तर खेळातच येईल. म्हणून मी काहीतरी केलंय. ऐकून आगपाखड कराल. करा.

तुमच्या पाव करायच्या यंत्राच्या तोंडात मी फुलं कोंबली. होती नव्हती तेवढी, गच्च. आता त्यात गहू जात नाही. पट्टा रिकामा फिरतोय. माझ्या पेटीत पाव यायचा बंद झाला.

म्हणजे आता मी उपाशी मरणार, आणि पाटी येणार. गेल्या वेळी ती पाटी बघून तुम्ही डोंगर फोडला होता. तुमच्या फोनवर ती येते, भाचीने तसं जोडून दिलंय म्हणते. फोन कुठे का असेना, कधीतरी उघडेल. तुम्हाला माझा राग आहे, पण मी उपाशी राहिलेली तुम्हाला बघवत नाही, एवढं मला माहीत आहे. त्याच्यावरच उड्या मारतेय.

हे पत्र पट्ट्यावर टाकत नाही, जळायचं. भाची जायच्या आधी तिने मला वाट दाखवून ठेवलीय. पुन्हा जाते आणि फुलांच्या मधोमध ही वहीच खुपसते. यंत्र सोडवायला आलात तर हाताला लागेल.

आणि लागणारच असेल तर ते पण लिहिते, जे कधी काढायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं.

हे गेल्यावर आठवडा व्हायच्या आत मी गिरणी चालू केली. तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, "माझा भाऊ गेला आणि तुझा पट्टा फिरतोय, वहिनी?" मी म्हटलं, गिऱ्हाईकं खोळंबलीत. तुम्ही बॅग उचललीत आणि गेलात. गिऱ्हाईकं कसली खोळंबणार, वन्सं. एक बाई तेवढी आली होती, ती पण नुसती बघायला. त्या दिवशी जात्यात गहू नव्हताच. मोकळंच फिरत होतं.

घरात सगळा जन्म तो आवाज ऐकलाय. स्वयंपाकघरात असले की भिंतीपलीकडे घरघर चालू, म्हणजे हे आत आहेत. आवाज थांबला की मी हाक मारायचे, जेवायला येताय का. ते गेले आणि ती भिंत गप्प झाली, मला सहन झालं नाही. बटण दाबलं. पट्टा फिरला. स्वयंपाकघरात येऊन बसले आणि तेवढा वेळ ते आत होते.

आणि आता तुमचं यंत्र चालू होतं म्हणून मी समजून बसले, तुम्ही आत आहात.

एवढंच. या लवकर. मला भूक लागलीय.

वहिनी


रविवार

हे कुठे टाकणार. कागदावरच राहील. पण लिहिलं नाही तर वेळ सरत नाही.

सकाळी पहिल्यांदा मेले. भूक लवकर लागावी म्हणून घराभोवती धावले. खऱ्या आयुष्यात बसस्टॉपपर्यंत चालवत नाही मला, आणि तिथे चौखूर उधळले. पाटी आली. गिरणीवाली उपाशी मेली. उठले, पुन्हा धावले.

भाचीचा फोन आला. तुमच्या दाराला कुलूप आहे. बाहेरून. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, मागच्या आठवड्यात दोन माणसं आली आणि बाईंना खुर्चीत बसवून खाली घेऊन गेली. कुठे नेलं, त्याला माहीत नाही. बोलत होत्या का? त्याने सांगितलं, डोळे मिटलेले होते.

भाची रडत नव्हती. ती रडत नाही तेव्हाच मला भीती वाटते. म्हणाली, "एकेक हॉस्पिटल बघते. आई, तू काय करतेयस?"

"मरतेय," मी म्हटलं.

"आई."

"खेळात ग. तू जा. बघ."

दुसऱ्यांदा मेले. तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक आलं, दळण ठेवून गेलं. गिरणी चालू केली नाही. आज मला कसलाच आवाज नको. आज आवाज आला तर तो खराच यायला हवा.

पेटी उघडून बघते. रिकामी. पट्टा नुसता फिरतोय. यंत्र मीच अडवलंय हे माहीत आहे, तरी प्रत्येक वेळी उघडताना वाटतं, आता असेल.

भाचीचा फोन. पहिल्या हॉस्पिटलात नाही.

मेले.

तिच्या मागून लोकांचे आवाज येतात, कुणी तरी नंबर पुकारतं. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात तुमच्या नावाची एक बाई होती, ती भाचीने पाहिली, तुम्ही नव्हतात. मला तिने ते सांगायच्या आधी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी पेटी दोनदा उघडून पाहिली.

मेले. आता मोजत नाही.

वन्सं, किती वेळा मरू? तुम्ही पाहुण्यांना एक वाटी वाढून वर विचारायचात, पुरे ना. मला पुरे झालं. या आता.

चौथ्यातून अजून फोन नाही.

पडद्यावर काही तरी आलं. माझी पाटी नाही. मी अजून मेले नाहीये. थांबा, चष्मा.

टपालबाई आल्या.


मंगळवार, सकाळ

वन्सं,

तुम्हाला ठाऊक आहे ते पुन्हा सांगते, कारण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

मी खुर्चीतून उठले आणि उभीच राहिले. फोन हातात होता, पण भाचीला करायचं सुचेना. पाटीच्या खाली एक ओळ आली, पहिली. तीन वर्षांनी तुमचे पहिले शब्द, म्हणून मी चष्मा पुसून वाचले.

"यंत्रात फुलं कुठल्या शहाणीने कोंबली?"

मी एका बोटाने लिहिलं, "मी."

"काढायला अर्धा तास लागेल. एक हात बांधलेला आहे."

तुम्ही जिवंत आहात हे मला तुमच्या खेकसण्यावरून कळलं, वन्सं. नुसता पाव आला असता तर मी विश्वास ठेवला नसता. पाव काय, पाव येतच असतो.

मग भाचीला फोन केला. ती चौथ्या हॉस्पिटलच्या जिन्यातच होती, आणि तुम्ही त्याच्याच वरच्या मजल्यावर. ती सांगते, तुम्ही न्हाणीघरात पडलात, खुबा मोडला, हात मोडला, वर छातीत कफ झाला आणि दोन दिवस शुद्धच नव्हती. फोन तुमच्या अंगाखाली फुटला, दूधवाल्याने हाका ऐकून ॲम्ब्युलन्स बोलावली. पोस्टातले सगळे पिनकोड तुम्हाला तोंडपाठ, पण भाचीचा फोन नंबर नाही. तिथल्या सिस्टरने फोन दुरुस्त करून आणला, चालू केला, आणि एकामागून एक पाट्या सुरू झाल्या. सिस्टरने विचारलं म्हणे, "आजी, ही गिरणीवाली कोण हो, सारखी उपाशी मरतेय?" आणि तुम्ही सांगितलंत, "माझी भावजय. हिला दोन घास वेळेवर खायची अक्कल नाही."

भाचीला फोन करायच्या आधी त्याच फोनवरून खेळात शिरून यंत्राकडे गेलात. मोडक्या हाताने, पडल्या पडल्या. भाची तुमच्यावर चिडली आहे. मी नाही.

फुलांमधली वही तुमच्या हाताला लागली हे मला काल भाचीने सांगितलं. तुम्ही त्याबद्दल बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. पण आज सकाळी पेटीत पाव आला, आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी. "तुझ्या पट्ट्याच्या टोकाला नवा खाना केलाय, आगीच्या अलीकडे. जाऊन बघ."

डोंगर ओलांडून गेले. लाकूड, दगड, कोळसा, आणि त्यांच्यानंतर तो. पत्रांचा खाना. यंत्राला पत्र ओळखता यावं म्हणून नमुन्याला एक वही ठेवावी लागते, तशी ठेवली होती. तुमच्या हातची. मी उघडली. उघडणारच, तुम्हालाही ते ठाऊक होतं.

आत तुम्ही लिहिलंय:

"वहिनी, ही वही इथून काढू नकोस, काढलीस तर तुझी पुढची पत्रं पुन्हा आगीत जातील. मीठ या खेळात मिळत नाही, मी शोधलं होतं. गिरणी चालू आहे ना? चालू ठेव."

वाचली आणि जशी होती तशी परत ठेवली. हे पत्र त्या खान्यात येईल. तुम्हाला मिळणारं माझं पहिलं पत्र जे तुम्हाला कोंबलेल्या फुलांमधून उकरून काढावं लागणार नाही.

पण तुमचं ऐकलं नाही मी, वन्सं. सवय नाही. आज पट्टा उतरवून खुंटीला टांगला आणि गिरणीला कुलूप लावलं. भिंतीपलीकडे काही नाही आता. थोडा वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले, जेवायला येताय का विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

अकराची बस आहे. दवाखान्यात तुम्हाला अळणी देत असतील, म्हणून चिमूटभर मीठ पुडीत बांधून घेतलंय. भाचीला सांगू नका.

वहिनी